बघणारं माणूस

कळंब
६ मे २०२५

चेतना हिस,
प्रभूच्या नावाने सलाम.

फोन केला की तू "नंतर बोलू गं" म्हणून ठेवतेस, म्हणून हे पत्र. फोन ठेवता येतो, पत्र हातात धरून बसावं लागतं. कागद पाठकोरा आहे, हसू नकोस. चर्चमधल्या मंडळीच्या जुन्या पत्रकांची मागची बाजू मी फुकट घालवत नाही. शाळेत तू मला कवडीचुंबक म्हणायचीस, ते आता पोराच्याही तोंडात आहे.

विषय तुला माहीत आहेच. तुमच्या घरासमोरच्या टोमॅटोच्या आवारात सोपान नावाच्या पिकअपवाल्याला मारून टाकलं. त्याबद्दल पोलिसांनी गोरखला धरलंय. गोरख म्हणजे आमच्या गल्लीतल्या कोंडाबाईचा एकुलता. तिथं हमाली करतो. त्याचा शर्ट रक्तानं भिजलेला होता, आणि ज्या लोखंडी टामीनं सोपानचं डोकं फुटलं ती त्याच्याच हातात सापडली. तो म्हणतो, मी सोडवायला गेलो होतो, टामी बाजूला फेकायला उचलली, सोपानचं डोकं मांडीवर घेऊन बसलो; मारणाऱ्याला मागून धरलं होतं, त्याचं तोंड दिसलं नाही. कोण ऐकतंय? लाईट गेलेली, कॅमेरे बंद. गर्दीतला जो तो म्हणतो, आम्ही पोचलो तोवर सगळं उरकलं होतं.

काल सोपानच्या भावकीतली पोरं जीप भरून आली आणि कोंडाबाईचं छप्पर पेटवून दिलं. आत शेळी बांधलेली होती. ती ओरडायची थांबेपर्यंत कोणी पुढं झालं नाही. म्हातारीला ओढून काढताना तिचे एका बाजूचे केस जळाले, कान भाजला. आता ती माझ्या घरी आहे. भिंतीला टेकून बसते आणि एकच बोलते, "जया, माझ्या पोरानं कवा कोंबडी सुदिक कापली न्हाई गं."

तुझी गॅलरी बरोबर आवाराच्या गेटावर आहे. रोज संध्याकाळी तू तिथंच सामायिकाला बसतेस. तुला दिसलं असणार. तेवढंच विचारायला हे पत्र: गोरखनं मारलं की नाही?

आमचं म्हणशील तर देवाची कृपा. आदेशची गाडी त्या दिवशी वाशीला माल घेऊन गेली होती, नाहीतर तोही आवारातल्या गाड्यांच्या रांगेत असता. हे गेल्यापासून घरात मिळवता तोच. वाशीहून आल्यापासून गप्प असतो. सोपानला ओळखत होतो म्हणतो. कोंडाबाई स्वतः खात नाही, पण त्याला आग्रह करकरून भाकर वाढते.

उत्तराची वाट बघते.
जया


नारायणगाव
१२ मे २०२५

जया,
जय जिनेंद्र.

तुझं पत्र वाचून फाडलं. रागावू नकोस, घरात सगळ्यांचे डोळे माझ्यावर आहेत.

हो, मी गॅलरीत होते. चौविहाराचं, रात्रीआधीचं शेवटचं खाणंपिणं आटोपलं होतं. सूर्य मावळायला टेकला होता. आसन टाकलं, तोंडाला मुहपत्ती बांधली, रेतघडी उलटी ठेवली आणि सामायिकाला बसले. आमचा नियम तुला लहानपणापासून ठाऊक आहे. घडीतली वाळू संपून सामायिक पारेपर्यंत, म्हणजे विधीनं सोडेपर्यंत, उठायचं नाही, संसारातलं बोलायचं नाही, जे समोर येईल त्याकडे समभावानं बघायचं.

खाली गाड्यांची रांग होती. सोपानची गाडी उलट्या बाजूनं येऊन मधे घुसली आणि पुढच्या गाडीचा आरसा तुटला. त्या गाडीचा ड्रायव्हर उतरला. "डोळे फुटले का रं?" "रांग काय तुझ्या बापानं घेतली का?" एवढ्यावरून, जया. पुढच्या शिव्या मी लिहीत नाही. चाकाचा पाना आधी सोपाननं काढला आणि समोरच्याच्या खांद्यावर हाणला. मग त्यानं टामी आणली. पहिला फटका कानावर बसला. नारळ फोडावा तसा आवाज वर आला. सोपान गुडघ्यावर बसला, दोन्ही हात जोडून काहीतरी म्हणाला. दुसरा फटका त्या हातांवर. एक हात कोपरापासून लोंबायला लागला. मग तो आडवा झाला. आडव्या माणसाला मारताना आवाज वेगळा येतो. ओला येतो.

लोक होते गं. लोक सांडलेले कॅरेट आधी उचलत होते.

मी उठले नाही. ओरडलेही नाही. डोळे मिटून नवकार म्हणत राहिले, आणि डोळे मिटले तरी कानांना पापण्या नसतात.

कोणी मारलं ते मला विचारू नकोस. गोरख तिथं होता, टामी त्याच्या हातात होती, हेही खरंच आहे. सोपाननं आधी हात उचलला, हेही खरं. आमच्यात प्रत्येक गोष्ट कुठल्या तरी एका अपेक्षेनं, म्हणजे एका बाजूनं बघून सांगतात. मी एका गॅलरीतून बघितलं, ते सगळं सत्य कसं होईल? आणि जे खरं बोलल्यानं जीवाला पीडा होते ते बोलू नये, असंही आमच्यात सांगितलंय. सासरे म्हणाले, "बहू, दोन्हीकडची माणसं आपली गिऱ्हाइकं. बघितलं ते आपल्यापाशी." गोरखला वकील सोडवेल. कोर्ट आहे, कायदा आहे.

तू यात पडू नकोस. माझं ऐक, जया. तुझ्या भल्यासाठी सांगते.

चेतना


कळंब
१६ मे २०२५

चेतना,

सलाम लिहायचं मनात नव्हतं, पण लिहिते. सलाम.

तुझं पत्र मी फाडलं नाही. कोंडाबाईसमोर वाचलं असतं तर तिनंच फाडलं असतं.

कायदा आहे म्हणतेस. कायद्याच्या कोठडीत गोरखला काय झालं ते ऐक. आत सोपानच्या गावची दोन माणसं आधीच होती. त्यांनी जेवणाच्या थाळीची कड घासून धार लावली आणि झोपलेल्याच्या डोळ्यात घातली. डावा डोळा गेला. कोंडाबाई भेटून आली तेव्हा तिच्या ओच्याला पू लागला होता. पोराला कुशीत घेतलं होतं तिनं. "वकील सोडवेल" असं तिला तू येऊन सांग. तोंडावरची पट्टी सोडून सांग.

आंधळ्यांची आणि हत्तीची गोष्ट तू मला सातवीत सांगितली होतीस. कोणाला खांब वाटला, कोणाला सूप. कबूल. पण हत्ती एकच होता ना? आणि इथं हत्तीनं माणूस तुडवलाय. त्या तुडवलेल्याला विचार, खांब होता की सूप.

मी दहावी झालेली बाई, तुझ्याइतकी पोथी वाचलेली नाही. पण महिला सभेचा जमाखर्च लिहिते. हिशोब जुळला नाही तर "एका अपेक्षेनं जुळला" असं मी खाली लिहीत नाही. पुन्हा बेरीज करते. आमच्यात सत्य म्हणजे कोणाचं मत नाही गं. सत्य हा जिता माणूस आहे, आणि त्याला खिळे ठोकले होते. हातात खिळा गेला की गेला. तो कोणत्या बाजूनं गेला म्हणून भांडत बसत नाहीत. ज्या रोमी सुभेदारापुढं प्रभूचा न्याय होता तोही तुझ्यासारखाच हुशार होता. त्यानं आधी "सत्य काय आहे?" असं विचारलं आणि मग पाणी मागवून हात धुतले. तुमच्या गॅलरीत नळ आहे का?

टोचलं असेल तर टोचू दे. मला एकच संशय येतो आणि तो लिहून टाकते. तुझा पोरगा संयम गाडी शिकलाय असं तू दिवाळीत सांगितलं होतंस. मित्रांच्या गाड्या घेऊन फिरतो. त्याला वाचवतेस का? आईचं काळीज मला कळतं. पण चेतना, कोणीही असो. तुझा असो, माझ्या पोटचा असो. मी असते तर कान धरून नेला असता. गोरखला दुसरा डोळा आहे अजून. तो जायच्या आत बोल.

जया


नारायणगाव
१९ मे २०२५

जया,

संयम त्या दिवशी पुण्याला परीक्षेला होता. तू माझ्या लेकराचं नाव घेतलंस, म्हणून आता मला गप्प राहता येत नाही. नाहीतर राहिले असते, जन्मभर राहिले असते.

आदेश होता.

त्याची गाडी वाशीला गेली नव्हती. रांगेत होती. तुमच्या यांनी काचेवर लावलेला क्रूस मी ओळखते. आरसा त्याचाच तुटला. पाना त्याच्याच खांद्यावर बसला. टामी त्यानं सीटमागून काढली. सोपाननं हात जोडले तेव्हा आदेशचं तोंड माझ्याकडे होतं. मी त्याला कडेवर घेतलेलं आहे जया, मी चुकेन कशी? पडल्यावर त्यानं आणखी मारलं. मग गोरख धावत आला, त्यानं आदेशला मागून कमरेला धरून ओढलं. आदेशनं टामी टाकली आणि गाडी मागं घेऊन निघून गेला. गोरख सोपानपाशी बसला.

मी धर्म म्हणून गप्प होते असं तुला लिहिलं. धर्म नव्हता. तू होतीस.

तू म्हणालीस, कोणीही असो.

चेतना


कळंब
९ जून २०२५

चेतना,

तुझं पत्र मिळालं. बरेच दिवस गव्हाच्या डब्यात ठेवलं होतं.

तू वाईट मनानं लिहिलं नाहीस हे मी जाणते. पण विचार कर. सूर्य मावळत होता. लाईट नव्हती. धूळ होती. गॅलरी वर, आणि मधे ताडपत्र्यांच्या गाड्या. काचेवर क्रूस लावणारा या भागात एकटा आदेशच आहे का? तू डोळे मिटून नवकार म्हणत होतीस असं तूच लिहिलंस. मिटलेल्या डोळ्यांना कोण दिसलं? अशा वेळी मन ओळखीचं तोंड समोर आणतं. मला परवा बाजारात हे दिसले, गर्दीत, पाठमोरे. मी हाक मारली. दुसराच कोणी होता.

आदेश म्हणतो वाशीला होतो. टोलचा मेसेज त्याच्या मोबाईलवर असेल. मी बघितला नाही. घरात दुधाची चिठ्ठीसुद्धा जपून ठेवणारी मी, मला तो बघावासा वाटला नाही.

आणि समजा गोरखनंच आधी मारलं असेल. तू डोळे उघडलेस तेव्हा जे चालू होतं तेवढंच तुला दिसलं. तुमच्यात म्हणतात ते बरोबरच असेल. एका गॅलरीतून सगळं दिसत नाही.

कोंडाबाई इथंच आहे. परवा सोपानच्या भावकीतल्या एकानं तिला पाणवठ्यावर गाठून लाथेनं पाडलं, तिचा दात पडला. ती दात फडक्यात बांधून घेऊन आली. मी तिला हळद लावली. लावताना तिच्या डोळ्यांत बघायचं टाळलं. आदेशनं तिला दवाखान्यात नेऊन आणलं. बघ, इतका मायाळू पोरगा.

रविवारी उपासनेला गेले नाही. अंगात कणकण होती.

कोणाला काही बोलली नसशील ना?

जया


नारायणगाव
१३ जून २०२५

जया,

कोणाला बोलले नाही.

तुझ्या पत्रातले शब्द माझेच होते, ओळखले मी. माझ्या तोंडी असताना ते शास्त्रासारखे वाटत होते. तुझ्या हातचे वाचले आणि कागद पालथा घातला.

परवाचं सांगते. सामायिकाला बसले होते. सोपानची आई धोंडाबाई आवाराच्या गेटाशी आली आणि लोखंडी गजांवर कपाळ आपटायला लागली. एकदा, दोनदा, मग मोजण्यासारखं राहिलं नाही. रक्त नाकावरून खाली आलं. वॉचमन तिला ओढत होता, ती गजांना हातांनी धरून परत आपटत होती. घडीत वाळू चालू होती आणि मी उठले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. सासूबाई "अगं पारलं नाही, पारलं नाही" म्हणत जिन्यापर्यंत आल्या. मी तशीच, मुहपत्ती बांधलेली, खाली पळाले आणि म्हातारीचं डोकं माझ्या छातीशी दाबून धरलं. ती माझ्या अंगावर आपटत राहिली. बरगड्या अजून दुखतात.

थकल्यावर तिनं विचारलं, "बाई, तू वर बसती ना रोज? माझ्या पोरानं पानी मागितलं व्हतं का गं? कोन न्हाई सांगत."

त्यानं हात जोडले होते. मी तिला सांगितलं नाही. "नाही दिसलं" म्हणाले. तोंडाला अहिंसेचं फडकं बांधून.

आमचे महाराजसाहेब कितीदा सांगून गेले, बाजू अनेक असतात त्या एकाच वस्तूच्या. वस्तूच नाही, असं कोणी म्हणत नाही. मी मात्र बाजूंच्या आड वस्तू लपवली. तुझ्यासाठी लपवली असं म्हणते, पण थोडी माझ्यासाठीही. मी उठले नव्हते, हे जबाबात सांगावं लागेल ना.

आता ऐक. जबाब द्यायचा की नाही ते तू सांगशील तसं. हा भार तुझ्यावर टाकणं चूक असेल. पण तुला विचारल्याशिवाय तुझ्या पोराचं नाव माझ्या तोंडातून बाहेर पडणार नाही, एवढा एक स्वार्थ मला राहू दे. नको म्हणालीस तर नाही देणार. सासऱ्यांनी सांगून ठेवलंय, "जायचं तर एकटी जा, या घरातलं कोणी सोबत येणार नाही."

तू नको म्हणालीस तरी मी तुझी मैत्रीण राहीन. फक्त मग सत्याबद्दल आपण दोघींनी बोलायचं नाही.

चेतना


कळंब
३० जून २०२५

प्रिय चेतना,
प्रभूच्या नावाने सलाम.

अक्षर लागत नसेल तर सावकाश वाच. उजव्या हाताला टाके आहेत. डाव्यानं लिहिते.

तुझं पत्र आलं त्या दिवशी आदेश अंगणात गाडी धूत होता. मी जवळ जाऊन उभी राहिले.

"वाशीला होतास ना तू त्या दिवशी?"

"किती येळा सांगू आई?"

"चेतनामावशीनं बघितलंय तुला."

त्यानं नळी खाली टाकली. "ती तोंडाला फडकं बांधून डोळे मिटून बसती. तिला काय दिसतंय?"

माझंच वाक्य. मी तुला लिहिलेलं, त्याला कधी न सांगितलेलं. खोटं बोलायला शिकवावं लागत नाही गं, एकाच घरात सगळ्यांना एकसारखं येतं.

मी विचारलं, "त्यानं हात जोडले होते ना रे?"

तेव्हा त्यानं माझा गळा धरला. गाडीच्या दारावर मला दाबलं. हँडल पाठीत घुसलं. "तू आई हायेस का पोलीस? तुला पोरगा पायजे का तुझा येशू पायजे? बोल की!" अंगठे नरड्यावर होते, बोलणार कशी? डोळ्यांपुढं काळं यायला लागलं. मी ओठ हलवले. दोन्ही पाहिजेत म्हणाले. त्याला ऐकू गेलं नसेल, पण ओठ दिसले असतील. हात सुटले. तो तिथंच चिखलात बसला.

"पाना त्यानं हाणला व्हता आई. खांदा बधिर झाला. मग मला कायच कळंना."

"आणि पडल्यावर?"

"पडल्यावर पन मारलं."

कोंडाबाई चुलीपाशी असेल असं मला वाटत होतं. ती दारात उभी होती. तिच्या हातात उसाचा कोयता होता, भिंतीला अडकवलेला असतो तो.

"तूच व्हय रं?" ती ओरडली नाही. "माझ्या पोराचा डोळा गेला, अन् तू माझ्या हातचं कालवन मागून मागून खात व्हतास?"

आणि मारला. मानेवर मारला होता. आदेश हलला नाही, मान खाली घालून बसला होता. मी मधे हात घातला. दुखलं नाही आधी. कोपराखाली मांस उघडं पडलं आणि आत पांढरं दिसलं. मला वाटलं दोरा आहे. हाड होतं.

आदेशनं मला उचलून गाडीत घातलं. कोंडाबाई मागं हौद्यात चढली. का चढली ते तिलाही माहीत नसेल. मंचरच्या दवाखान्यात डॉक्टर सुई भरता भरता म्हणाले, "एवढं खोल कशानं? आम्हाला पोलिसांना कळवावं लागतं."

आदेश म्हणाला, "गवत कापताना इळा लागला."

कोंडाबाईनं माझ्याकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं. तीही म्हणाली, "व्हय, इळाच लागला."

चेतना, त्या खोटात सगळे सुखरूप होते. म्हातारीवर गुन्हा नाही. माझा पोरगा घरी. त्यानं तिला वाचवलं, तिनं त्याला. अर्ध्या तासापूर्वी एकमेकांचा जीव घ्यायला निघालेली माणसं एका विळ्यावर एक झाली होती. ती मायाच होती, मी नाकारत नाही. मी "होय" म्हणून मान हलवायची, एवढंच बाकी होतं. मी मनात म्हटलंसुद्धा, प्रभू, हे तरी चालेल ना?

पण विळा नव्हता. हात कापला कोणी हे सांगितलं की का कापला हे सांगावं लागतं, आणि ते सांगितलं नाही तर गोरख आत मरतो. कोठडीतल्या माणसाला मारायला माझी मान हलणं पुरेसं होतं. टामीसुद्धा लागणार नव्हती.

मी डॉक्टरांना म्हटलं, "कोयता होता. हिनं मारला. माझ्या मुलाला मारत होती, मी मधे आले. कारण त्यानं एक माणूस मारलाय आणि त्याच्या जागी हिचा पोरगा आत आहे."

डॉक्टरांनी सुई खाली ठेवली. कोंडाबाई मटकन खाली बसली. आदेश दारापर्यंत गेला. गाडीची चावी त्याच्याच हातात होती आणि त्याला अडवणारं कोणी नव्हतं. दोन बायका, त्यातली एक कापलेली. तो दारात उभा राहिला. मग परत आला आणि माझ्या खाटेशी जमिनीवर बसला. पोलीस येईपर्यंत माझी बोटं धरून होता. ज्या हातानं गळा धरला त्याच हातानं. मी तो सोडवून घेतला नाही.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला बाजूला बोलावलं. म्हणाले, "मावशी, हा आमच्यापुढं जे बोलतो ते कोर्टात धरत नाहीत. उद्या वकील आला की हा फिरेल. तुम्ही तिथं नव्हता. बघणारं माणूस पाहिजे, कोर्टात न्यायाधीशापुढं जबाब देणारं. नाहीतर गोरख आतच, आणि हाही सुटायचा." कोंडाबाईवरही कागद झाला. मी तक्रार नाही म्हटलं तरी झाला. तिला जामीन मिळालाय. पुन्हा माझ्याच घरी आली, दुसरीकडं जाणार कुठं? काल भाकरी थापताना म्हणाली, "तुझा आत गेला अन् माझा अजून भाईर न्हाई. तुझं खरं लई महाग हाय बाई." मी काटवट पुढं सरकवली.

आदेशला येरवड्याला नेलंय. भेटीला गेले तर बाहेर आला नाही. आत सोपानच्या गावची माणसं आहेत की नाहीत, हे विचारायची मला हिंमत झाली नाही.

सत्य एकच आहे, चेतना. आधी मी ते तावातावानं म्हणत होते, कारण ते दुसऱ्याच्या दारात उभं होतं. आता हळू म्हणते. पण एकच आहे. ते माझ्या बाजूचं नाही आणि तुझ्याही नाही. आपणच त्याच्या बाजूला जायचं असतं, आणि जाताना जे हातात असतं ते खाली ठेवावं लागतं. प्रभूनं ते करून दाखवलंय म्हणून मी विश्वास ठेवते. सोपं आहे म्हणून नाही.

तू विचारलंस, म्हणून सांगते. जबाब दे.

सगळा दे. पाना सोपाननं आधी काढला, ते सांग. खांद्यावर बसला, ते सांग. हात जोडले ते सांग, आणि पडल्यावर मारलं ते गाळू नकोस. तू उठली नाहीस, तेही. माझ्यासाठी कमी करू नकोस आणि गोरखसाठी वाढवू नकोस. कोर्टातून आलीस की सोपानच्या आईकडे, धोंडाबाईकडे जा. तिनं जे विचारलं होतं त्याचं उत्तर दे.

तुझ्या घरचं कोणी सोबत येणार नसेल तर मी येते. गुरुवारी सकाळी नारायणगावच्या स्टँडवर उभी राहीन. जुन्नरची गाडी मिळाली तर गाडीनं, नाहीतर जीपनं जाऊ. कोर्टाच्या दारापर्यंत तुझ्याबरोबर चालते. आत मात्र तू एकटी जा. बोलता बोलता त्याचं नाव यायची वेळ आली की दाराकडं बघू नकोस. मी तिथंच असेन. तू थांबू नकोस.

जया